जनुकं डीएनएचीच असतात हे आधी सिद्ध केलं कोणी? एव्हरी आणि १९४४ चा निबंध

धागाकर्ता: उत्तररात्र

डीएनएचा शोध कोणी लावला असं विचारलं की लगेच वॉटसन आणि क्रिक ही जोडी पुढे येते. शालेय पुस्तकांपासून प्रश्नमंजूषांपर्यंत हेच उत्तर बरोबर धरलं जातं. या दोघांनी १९५३ मध्ये डीएनएची रचना मांडली आणि ती मांडणी अप्रतिम होती, यात वाद नाही. पण तो पदार्थ त्याआधी ८४ वर्षं माहीत होता, आणि आनुवंशिक गुण त्याच पदार्थातून पुढे जातात हे ९ वर्षं आधी प्रयोगाने दाखवून झालं होतं. पदार्थ हाती लागणं, त्याचं काम कळणं आणि त्याचा आकार कळणं हे तीन वेगळे शोध आहेत. त्यातला मधला मला सर्वांत मोठा वाटतो, आणि नेमकं त्याच्याबद्दलच सर्वांत कमी बोललं जातं. म्हणून हा धागा.

पहिला शोध फ्रीडरिख मीशर या तरुण स्विस डॉक्टरचा. साल १८६९, जर्मनीतलं ट्युबिंगेन. तिथल्या किल्ल्याच्या जुन्या मुदपाकखान्यात होप-झायलर यांची प्रयोगशाळा होती. मीशरला पेशीतली रसायनं शोधायची होती. त्यासाठी तो जवळच्या शस्त्रक्रिया विभागातून पुवाने भिजलेल्या पट्ट्या आणायचा, त्या धुवायचा आणि पांढऱ्या पेशी वेगळ्या करायचा. डुकराच्या जठरातल्या पेप्सिनने त्याने प्रथिनं पचवून टाकली. केंद्रकांतून जे उरलं, त्यात फॉस्फरस भरपूर होता आणि प्रथिनं पेप्सिनने पचतात तसं ते पचत नव्हतं. त्याने त्याला ‘न्यूक्लीन’ म्हटलं. होप-झायलरना हे इतकं अनपेक्षित वाटलं, की त्यांनी स्वतः प्रयोग पुन्हा करून पाहिले आणि मगच, १८७१ मध्ये, निबंध छापला.

पुढची सत्तर वर्षं या पदार्थाचं रसायन उलगडत गेलं, पण त्याचं काम काय हे कळलं नाही. गुणसूत्रांत प्रथिनं आणि डीएनए दोन्ही असतात. प्रथिनांत २० प्रकारची अमिनो आम्लं, डीएनएत ‘बेस’ म्हणतात ते फक्त ४ घटक. एवढी गुंतागुंतीची माहिती साठवायची तर ती प्रथिनांतच असणार, असं जवळपास सगळ्यांनीच गृहीत धरलं होतं.

हे गृहीतक मोडायला सुरुवात झाली ती न्यूमोनियाच्या अभ्यासातून. लंडनमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ आरोग्य खात्यासाठी न्यूमोकोकस जिवाणूच्या प्रकारांवर काम करत होते. या जिवाणूचे दोन अवतार असतात. एकाभोवती शर्करेचं गुळगुळीत कवच असतं, तो उंदराला मारतो. दुसरा कवच गमावलेला, खडबडीत वसाहती करणारा, तो निरुपद्रवी. १९२८ मध्ये ग्रिफिथ यांनी उष्णता देऊन मारलेले कवचधारी जिवाणू आणि जिवंत कवचहीन जिवाणू एकत्र करून उंदरांना टोचले. यातलं काहीही एकटं टोचलं तर उंदीर जगत. दोन्ही मिळून टोचल्यावर उंदीर मेले आणि त्यांच्या रक्तात जिवंत कवचधारी जिवाणू सापडले. पुढच्या पिढ्याही कवचधारीच निघाल्या. मेलेल्या जिवाणूकडून काहीतरी जिवंत जिवाणूकडे गेलं होतं आणि ते आनुवंशिक होतं.

ते ‘काहीतरी’ म्हणजे काय, याचा पाठपुरावा न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या रुग्णालयात ओस्वाल्ड एव्हरी यांच्या गटाने केला. त्यांच्या प्रयोगशाळेतून कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या डॉसन यांनी हा बदल उंदराशिवाय, परीक्षानळीत घडवून दाखवला. मग अ‍ॅलोवे यांनी जिवाणू फोडून, गाळून, पेशीविरहित अर्कानेही तो होतो हे दाखवलं. पुढे कॉलिन मॅक्लाउड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांच्यासोबत एव्हरी त्या अर्काच्या शुद्धीकरणाला भिडले. एका वेळी ५० ते ७५ लिटर जिवाणू वाढवायचे आणि शेवटी हातात यायचे मोजके मिलिग्रॅम.

त्या शुद्ध केलेल्या पदार्थाची त्यांनी जी उलटतपासणी घेतली, ती मला विज्ञानातल्या सर्वांत सुंदर कामांपैकी वाटते. प्रथिनं तोडणारी ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन ही विकरं घातली, पदार्थाची क्षमता शाबूत. आरएनए (डीएनएसारखंच पेशीतलं दुसरं आम्ल) तोडणारं विकर घातलं, तरी शाबूत. डीएनए तोडणारी विकरं असलेले अर्क घातले, क्षमता संपली. नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचं प्रमाण मोजलं, ते डीएनएसाठी अपेक्षित १.६९ च्या आसपास आलं. शिवाय हा पदार्थ ६० कोटी भागांत १ भाग इतका विरळ केला तरी काम करत होता. १ फेब्रुवारी १९४४ रोजी ‘जर्नल ऑफ एक्स्परिमेंटल मेडिसिन’मध्ये निबंध आला तेव्हा एव्हरी ६६ वर्षांचे होते.

आता माझा प्रश्न. इतका भक्कम पुरावा असताना जगाने १९५२-५३ पर्यंत वाट का पाहिली? जाणकारांनी लिहावं.

पिंपळपान

उत्तम धागा. रसायनाच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण या दिरंगाईचं मोठं कारण तिथेच आहे.

रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्येच फीबस लेव्हीन नावाचे मोठे रसायनशास्त्रज्ञ होते. आरएनएतली शर्करा रायबोज आहे हे त्यांनी १९०९ मध्ये दाखवलं, डीएनएतली डीऑक्सिरायबोज १९२९ मध्ये. फॉस्फेट, शर्करा आणि बेस मिळून एक एकक बनतं ही समजही त्यांचीच. या माणसाचं ऋण फार मोठं आहे. पण चारही बेस साधारण सारख्या प्रमाणात सापडतात असं तेव्हाच्या मोजमापांतून दिसत होतं. त्यावरून चार बेसचा एक ठरलेला गट पुन्हा पुन्हा येतो, अशी कल्पना रुजली. तिला टेट्रान्यूक्लिओटाइड गृहीतक म्हणतात.

हे खरं असतं तर डीएनएत माहिती मावूच शकली नसती. ‘सा रे ग म, सा रे ग म’ एवढंच अखंड आळवत राहिलं तर त्यातून बंदिश उभी राहत नाही. म्हणून एव्हरींचा निबंध वाचणाऱ्या रसायनज्ञाला डीएनए हा गुणसूत्रातला निव्वळ आधाराचा सांगाडा वाटायचा आणि खरी करामत चिकटून आलेल्या प्रथिनाची असणार असं त्याचं मन सांगायचं.

आल्फ्रेड मर्स्की यांचा आक्षेप हाच होता, आणि तेही त्याच संस्थेतले. त्यांचं म्हणणं असं, की तुमच्या शुद्ध नमुन्यात एक-दोन टक्के प्रथिन राहिलं तर तेव्हाच्या चाचण्यांना ते दिसणारही नाही. इतकं प्रथिन म्हणजे असंख्य रेणू. हा आक्षेप तर्काला धरून होता. त्याला उत्तर मिळायला काही वर्षं गेली, पण मिळालं.

दूर्वांकुर

मी जीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. दोन शंका.

१. ग्रिफिथच्या प्रयोगात कवचहीन जिवाणूच उत्परिवर्तन होऊन पुन्हा कवचधारी झाला नसेल कशावरून?

२. डीएनएने माहिती दिली असं का म्हणायचं? डीएनए नुसता एखाद्या रसायनासारखा उत्परिवर्तन घडवत असेल आणि कवचाची माहिती जिवाणूकडे आधीपासूनच असेल, असं का नाही?

सूक्ष्मदर्शी

@दूर्वांकुर, दोन्ही शंका अगदी रास्त आहेत. दुसरी तर त्या काळी मोठमोठ्या लोकांनी घेतली होती.

पहिलीचं उत्तर ग्रिफिथच्या प्रयोगाच्या आखणीतच आहे. न्यूमोकोकसची कवचं एकाच प्रकारची नसतात. शर्करा वेगळी, म्हणून प्रकार वेगळा. ग्रिफिथने वापरलेला कवचहीन जिवाणू प्रकार २ पासून आलेला होता आणि मारलेले कवचधारी होते प्रकार ३ चे. कवचहीन जिवाणू आपणहून उलटला असता तर प्रकार २ चं कवच घेऊन उलटला असता. मेलेल्या उंदरांत सापडला तो प्रकार ३. म्हणजे मेलेल्यांचाच गुण जिवंतांत आला. सोपी करून सांगण्याच्या नादात पुस्तकांत बहुधा हा तपशील गाळतात आणि प्रयोगातला पुरावाच निघून जातो.

दुसऱ्या शंकेला एव्हरींच्या काळात पूर्ण उत्तर नव्हतं, पण एक सूचक गोष्ट होती. बदललेल्या जिवाणूंपासून पुन्हा डीएनए काढला तर तो सुरुवातीला घातला होता त्यापेक्षा कितीतरी जास्त मिळतो आणि तोही तसाच बदल घडवतो. म्हणजे हा पदार्थ पेशीत शिरून स्वतःच्या प्रती काढून घेतो. निव्वळ उत्परिवर्तक रसायन असं करत नाही.

नंतर रॉलिन हॉचकिस यांनी या प्रश्नाची आणखी पक्की बांधबंदिस्ती केली. त्यांनी १९४९ च्या सुमारास नमुन्यातलं प्रथिन ०.०२ टक्क्यांच्या खाली आणलं, तरी क्षमता कायम राहिली. मर्स्कींच्या आक्षेपाला हे उत्तर. पुढे त्यांनी पेनिसिलिनला दाद न देणाऱ्या जिवाणूंचा डीएनए साध्या जिवाणूंना दिला आणि तो प्रतिकारही पुढे गेला. कवचाचा आणि औषधप्रतिकाराचा गुण एकमेकांपासून सुटे जात होते. ज्या जिवाणूचा डीएनए, त्याचाच गुण. इथे ‘उत्परिवर्तन घडवणारं रसायन’ हे स्पष्टीकरण टिकत नाही.

चौकट

धागाकर्त्याशी एका मुद्द्यावर असहमत. जगाने वाट पाहिली हे पूर्ण खरं नाही. रॉयल सोसायटीने १९४५ मध्ये एव्हरींना कॉप्ली पदक दिलं. जोशुआ लेडरबर्ग यांनी तो निबंध वाचून जिवाणूंच्या आनुवंशिकतेकडे मोर्चा वळवला. एर्विन चारगाफ यांनी तर हातातलं काम बाजूला ठेवून प्रयोगशाळाच डीएनएला वाहिली. ज्यांना कळायला हवं त्यांच्यापर्यंत निबंध पोचला होता. ‘उपेक्षित संशोधक’ ही गोष्ट ऐकायला बरी वाटते, पण ती थोडी ताणलेली आहे.

आणि शंका घेण्यात गैर काय? एका जिवाणूच्या एका गुणावरून सगळ्या सजीवांची जनुकं डीएनएची आहेत असं म्हणणं ही मोठी उडी होती. जिवाणूंना जनुकं असतात की नाही याबद्दलच तेव्हा अनेकांना खात्री नव्हती. एव्हरींनीही निबंधात जपूनच लिहिलं आहे. निष्कर्ष पक्के ठरले तर न्यूक्लिक आम्लांना (डीएनए, आरएनए) जैविक विशिष्टता असते असं मानावं लागेल आणि तिचा रासायनिक आधार अजून ठरायचा आहे, अशा अर्थाचं.

उत्तररात्र

चौकट, कॉप्ली पदकाचा मुद्दा मान्य. पण पोचणं वेगळं आणि पटणं वेगळं. एव्हरी १९५५ मध्ये वारले, तोवर डबल हेलिक्सलाही (डीएनएची दुहेरी सर्पिल रचना) दोन वर्षं होऊन गेली होती, आणि नोबेल त्यांना मिळालं नाही. त्या समितीत त्यांच्या नावाची शिफारस अनेकदा झाली होती.

दुसरं म्हणजे, ज्या प्रयोगाने लोकांची खात्री पटली असं सगळीकडे लिहितात तो हर्शी आणि चेस यांचा १९५२ चा प्रयोग शुद्धतेच्या कसोटीवर एव्हरींच्या कामापेक्षा कितीतरी कच्चा आहे. त्यावर कोणी लिहील का?

सूक्ष्मदर्शी

लिहितो. आल्फ्रेड हर्शी आणि मार्था चेस, कोल्ड स्प्रिंग हार्बर. त्यांनी टी२ नावाचा जिवाणूभक्षी विषाणू घेतला. याची बनावट अगदी साधी: बाहेर प्रथिनाचं आवरण, आत डीएनए. प्रथिनात गंधक असतं, डीएनएत नसतं. डीएनएत फॉस्फरस असतो, या विषाणूच्या प्रथिनात जवळपास नाही. म्हणून काही विषाणूंच्या प्रथिनांवर किरणोत्सारी गंधक-३५ ची खूण केली आणि काहींच्या डीएनएवर फॉस्फरस-३२ ची.

विषाणू जिवाणूला चिकटला की थोडा वेळ द्यायचा आणि मिश्रण ब्लेंडरमध्ये फिरवायचं. बाहेर चिकटलेली रिकामी आवरणं सुटतात. मग सेंट्रिफ्यूज. जड जिवाणू तळाला, आवरणं वरच्या द्रवात. बहुतेक गंधक वर राहिलं, बहुतेक फॉस्फरस जिवाणूंसोबत खाली गेला. त्या जिवाणूंतून नवे विषाणूही बाहेर पडले. नव्या पिढीत मूळ फॉस्फरसपैकी ३० टक्के किंवा जास्त पोचला, गंधक १ टक्क्याहून कमी.

उत्तररात्र म्हणतात ते बरोबर आहे. ब्लेंडरनंतरही साधारण पाचवा हिस्सा गंधक जिवाणूंसोबतच राहिलं होतं. म्हणजे सरळ हिशोबाने प्रथिनाची ‘भेसळ’ एव्हरींच्या नमुन्यापेक्षा कितीतरी जास्त. हर्शी स्वतःही निष्कर्षाबाबत सावध होते.

तरी हा प्रयोग पटला याला माझ्या मते दोन कारणं. एक, विषाणूवर काम करणारा गट लहान, एकजीव आणि प्रभावी होता. हर्शी त्यातलेच एक, त्यामुळे निकाल पत्रांतून आणि बैठकांतून झपाट्याने पसरला. दोन, तोपर्यंत चारगाफ यांनी टेट्रान्यूक्लिओटाइड गृहीतकाला सुरुंग लावला होता. त्यामुळे डीएनएत माहिती असू शकते हे ऐकायला लोक तयार होते. १९४४ मध्ये ते नव्हते.

१९६९ च्या नोबेलमध्ये हर्शी होते, चेस नव्हत्या, हेही नोंदवून ठेवतो.

आकाशकंदील

वाचतोय. चारगाफ यांच्याबद्दल कोणी सविस्तर लिहा ना. ‘चारगाफचे नियम’ म्हणून दोन ओळी पाठ केल्या होत्या, त्यापलीकडे काही माहीत नाही.

पिंपळपान

एव्हरींचा निबंध वाचून चारगाफ यांनी असा विचार केला: जनुकं डीएनएची असतील तर वेगवेगळ्या जातींचे डीएनए रासायनिकदृष्ट्या वेगळे असलेच पाहिजेत. हे मोजता यायला हवं. दुसऱ्या महायुद्धानंतर कागदी क्रोमॅटोग्राफी आणि अतिनील किरणांवर चालणारा वर्णपटमापक ही दोन साधनं हाताशी आली होती. त्यामुळे अगदी कमी नमुन्यातही प्रत्येक बेस वेगळा मोजता येऊ लागला.

१९५० पर्यंत चित्र स्पष्ट झालं. बेसचं प्रमाण जातीनुसार बदलतं. माणसात अ‍ॅडेनिन आणि थायमिन प्रत्येकी ३० टक्क्यांच्या आसपास, ग्वानिन आणि सायटोसिन प्रत्येकी २० च्या आसपास. क्षयाच्या जिवाणूत उलट, ग्वानिन-सायटोसिन जास्त. एकाच प्राण्याच्या वेगवेगळ्या अवयवांत मात्र प्रमाण तेच. चारही बेस सम प्रमाणात असतात ही समजूत इथे संपली.

आणि याच आकड्यांत दुसरी गोष्ट होती. कुठलाही सजीव घ्या, अ‍ॅडेनिन थायमिनइतकं आणि ग्वानिन सायटोसिनइतकं. चारगाफ यांनी ही समानता नोंदवली, पण तिचा अर्थ रचनेत आहे हे त्यांना दिसलं नाही. १९५२ मध्ये ते केंब्रिजला वॉटसन-क्रिकना भेटले. त्या दोघांबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं झालं नाही, आणि पुढेही त्यांनी ते कडवटपणे बोलून दाखवली.

चौकट

मी क्ष-किरण स्फटिकशास्त्राशी संबंधित काम करतो, म्हणून आता रचनेकडे वळतो. इथेही श्रेयाचा प्रश्न आहेच.

लंडनच्या किंग्ज कॉलेजात मॉरिस विल्किन्स डीएनएच्या तंतूंवर काम करत होते. बर्नच्या रुडॉल्फ सिग्नर यांनी दिलेला अत्यंत शुद्ध डीएनए त्यांच्याकडे होता. रोझलिंड फ्रँकलिन जानेवारी १९५१ मध्ये तिथे आल्या. डीएनएची दोन रूपं आहेत हे त्यांनी वेगळं करून दाखवलं. भोवतालची आर्द्रता कमी असताना आखूड, स्फटिकासारखं ए रूप. आर्द्रता वाढवली की तंतू लांबतो आणि बी रूप मिळतं. त्यांच्याआधीच्या चित्रांत ही दोन्ही रूपं मिसळलेली असायची, म्हणून ती वाचताच येत नव्हती. हे काम दिसायला किरकोळ आहे, पण याच्याशिवाय पुढचं काहीच झालं नसतं.

ज्याला ‘छायाचित्र ५१’ म्हणतात ते मे १९५२ मधलं, बी रूपाचं. घेतलं रेमंड गॉस्लिंग यांनी, फ्रँकलिन यांच्या मार्गदर्शनाखाली. त्यात काय दिसतं ते सांगतो, कारण सगळे त्याचं नाव घेतात आणि समजावत कोणी नाही. मधोमध ठिपक्यांची फुली आहे. सर्पिल रेणूवर क्ष-किरण पडले की अशीच फुली उमटते. ठिपके आडव्या ओळींत आहेत, आणि त्या ओळींमधल्या अंतरावरून एका वेढ्याची उंची निघते, ३.४ नॅनोमीटर. वर-खाली जे जाड काळे पट्टे आहेत ते ०.३४ नॅनोमीटरचे, म्हणजे एकावर एक रचलेल्या बेसमधलं अंतर. भागाकार केला की एका वेढ्यात १० बेस. चौथी ओळ गायब आहे. त्यातून असं निघतं, की साखळ्या दोन आहेत आणि एक दुसरीपासून वेढ्याच्या साधारण तीन-अष्टमांशाने सरकलेली आहे.

जानेवारी १९५३ च्या अखेरीस विल्किन्स यांनी हे चित्र वॉटसनला दाखवलं, फ्रँकलिन यांना न विचारता. पण माझ्या मते त्याहून महत्त्वाचा होता तो एक अहवाल. किंग्ज कॉलेजच्या गटाने वैद्यकीय संशोधन परिषदेला दिलेला अहवाल मॅक्स पेरुट्झ यांच्यामार्फत क्रिकच्या हाती आला. त्यात फ्रँकलिन यांनी ए रूपाच्या स्फटिकाची सममिती दिली होती, स्फटिकशास्त्रात तिला सी२ म्हणतात. क्रिक घोड्याच्या हिमोग्लोबिनवर काम करत होता आणि त्याचीही सममिती हीच. त्यामुळे त्याला लगेच उमगलं: दोन साखळ्या एकमेकींच्या उलट दिशांनी धावतात. हे वॉटसनला सुचलं नव्हतं. फ्रँकलिन यांनाही त्या आकड्यातून ते दिसलं नव्हतं.

फॉस्फेट बाहेरच्या बाजूला असणार हे मात्र फ्रँकलिन यांनी १९५१ मध्येच सांगितलं होतं. वॉटसन-क्रिकची पहिली प्रतिकृती तीन साखळ्यांची, फॉस्फेट आत घातलेली होती. फ्रँकलिन यांनी ती पाहताच खोडून काढली. लायनस पॉलिंग यांनीही १९५३ च्या सुरुवातीला तीन साखळ्यांचीच रचना छापली.

दूर्वांकुर

मग बेसच्या जोड्या कशा सुचल्या? अ‍ॅडेनिन-थायमिन हे चारगाफच्या आकड्यांवरून सरळच नाही का?

पिंपळपान

आज सरळ वाटतं. तेव्हा अडचण अशी होती, की ग्वानिन आणि थायमिन यांची पाठ्यपुस्तकांतली सूत्रंच चुकीची होती. या रेणूंतला एक हायड्रोजन दोन ठिकाणी असू शकतो, ऑक्सिजनवर किंवा शेजारच्या नायट्रोजनवर. पहिल्याला एनॉल रूप, दुसऱ्याला कीटो रूप म्हणतात. पुस्तकांत एनॉल रूप छापलेलं असायचं. वॉटसन तेच घेऊन बसला होता आणि सारख्याशी सारखा बेस जोडत होता. जेरी डोनोह्यू हे अमेरिकी रसायनज्ञ तेव्हा त्यांच्याच खोलीत बसत. त्यांनी सांगितलं, ही सूत्रं निराधार आहेत, कीटो रूप घ्या.

हायड्रोजनची जागा बदलली की बंध कुठे होऊ शकतो तेही बदलतं. २८ फेब्रुवारी १९५३ रोजी वॉटसनने पुठ्ठ्याचे कापलेले बेस टेबलावर जुळवले. अ‍ॅडेनिन-थायमिन आणि ग्वानिन-सायटोसिन या दोन जोड्यांची बाह्यरेखा एकसारखी येत होती. मोठा बेस आणि छोटा बेस, म्हणून रुंदीही सगळीकडे सारखी, साधारण २ नॅनोमीटर. चारगाफची समानता आपोआप निघाली, आणि प्रती कशा निघतात तेही दिसलं, कारण एक साखळी कळली की दुसरी ठरलेली.

गंमतीचा तपशील: त्यांनी ग्वानिन-सायटोसिनमध्ये दोनच हायड्रोजन बंध दाखवले होते. तिसरा बंध पॉलिंग आणि कोरी यांनी १९५६ मध्ये मांडला. ज्या डीएनएत ही जोडी जास्त तो जास्त तापमानाला उलगडतो. त्यात या बंधांचा वाटा आहे, पण एकावर एक रचलेल्या बेसमधल्या आकर्षणाचा वाटा मोठा आहे. हे दुसरं कारण फारच कमी ठिकाणी शिकवलं जातं.

आकाशकंदील

२५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’च्या अंकात तीन निबंध होते ना? दुसरे दोन कोणाचे?

चौकट

हो. पहिला वॉटसन-क्रिक, जेमतेम एका पानाचा. दुसरा विल्किन्स, स्टोक्स आणि विल्सन यांचा. तिसरा फ्रँकलिन आणि गॉस्लिंग यांचा. या क्रमामुळे फ्रँकलिन यांचं काम वॉटसन-क्रिकच्या कल्पनेला दुजोरा दिल्यासारखं वाचलं गेलं, जेव्हा की त्या कल्पनेचा पायाच त्यांची मोजमापं होती. फेब्रुवारी १९५३ मधल्या त्यांच्या वहीत दोन्ही रूपं दोन साखळ्यांची असल्याची नोंद आहे. म्हणजे त्या स्वतःच्या वाटेने फार जवळ पोचल्या होत्या. १६ एप्रिल १९५८ ला, ३७ व्या वर्षी, अंडाशयाच्या कर्करोगाने त्यांचं निधन झालं. वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना नोबेल मिळालं ते त्यानंतर, १९६२ मध्ये.

दूर्वांकुर

शेवटचा प्रश्न. १९५३ मध्ये डबल हेलिक्स सिद्ध झालं असं म्हणता येईल का?

चौकट

नाही. ती पुराव्याशी जुळणारी प्रतिकृती होती. प्रतिकृतीने केलेलं भाकीत १९५८ मध्ये मेसेल्सन आणि स्टाल यांनी तपासलं. जिवाणू आधी जड नायट्रोजन-१५ वर वाढवले, मग साध्या नायट्रोजन-१४ वर आणले आणि डीएनए सीझियम क्लोराइडच्या द्रावणात अतिवेगाने फिरवून घनतेनुसार वेगळा केला. एका पिढीनंतर एकच पट्टा, जड आणि हलक्याच्या बरोबर मध्ये. दुसऱ्या पिढीनंतर दोन: अर्धा मधला, अर्धा हलका. म्हणजे प्रत्येक नव्या रेणूत एक जुनी साखळी आणि एक नवी.

आकाराचा थेट पुरावा त्याहून उशिरा आला. तंतूंच्या चित्रातून प्रत्येक अणूची जागा मिळत नाही. त्यासाठी ठरावीक क्रमाचे डीएनएचे छोटे तुकडे बनवून त्यांचे स्फटिक करावे लागले. १९७९ मध्ये असा पहिला तुकडा पाहिला गेला तो चक्क डावखुऱ्या वळणाचा निघाला, आज त्याला झेड-डीएनए म्हणतात. नेहमीच्या उजव्या वळणाच्या बी रूपाचा अणूंपर्यंतचा तपशील डिकरसन यांच्या गटाने १९८० च्या आसपास मिळवला, १२ जोड्यांच्या तुकड्यातून. वॉटसन-क्रिकची मांडणी मूलतः बरोबर ठरली. फक्त प्रत्येक पायरीवर वळण थोडं कमी-जास्त होतं, आणि ते तिथल्या बेसच्या क्रमावर अवलंबून असतं. द्रावणात एका वेढ्यात सरासरी १० ऐवजी १०.५ जोड्या भरतात.

आकाशकंदील

एक राहिलंच. ग्रिफिथच्या उंदरात मेलेल्या जिवाणूचा डीएनए जिवंत जिवाणूत शिरला कसा? आणि ६० अंशांना तापवल्यावर तो टिकला कसा?

सूक्ष्मदर्शी

६० अंश सेल्सिअसला जिवाणू मरतो कारण त्याची प्रथिनं विस्कटतात. डीएनएच्या दोन साखळ्या सुटायला त्याहून बरंच जास्त तापमान लागतं.

शिरण्याचं म्हणाल तर न्यूमोकोकस त्यासाठी स्वतः तयारी करतो. वसाहत दाट झाली की तो एक छोटा पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी, बाहेर सोडतो. शेजाऱ्यांना तो जाणवला की डीएनए आत ओढणारी यंत्रणा चालू होते. बाहेरच्या दुहेरी डीएनएतली एक साखळी तोडून टाकली जाते आणि दुसरी आत घेतली जाते. आतल्या गुणसूत्रावर तिच्याशी जुळणारा भाग सापडला की अदलाबदल होते.

कवच बनवणारी जनुकं गुणसूत्रावर एकाच ठिकाणी शेजारी-शेजारी असतात. प्रत्येक प्रकारात ती वेगळी, पण त्यांच्या दोन्ही बाजूंची जनुकं मात्र बहुतेक प्रकारांत सारखी. त्या सारख्या बाजूंच्या आधाराने प्रकार ३ चा सगळा संच प्रकार २ च्या जागी बसू शकतो. म्हणून ग्रिफिथला अर्धंमुर्धं मिश्र कवच न दिसता पूर्ण प्रकार ३ चं कवच दिसलं.

निसर्गात हे आजही चालतं. न्यूमोकोकसच्या लशी ठरावीक प्रकारांच्या कवचांवरच बेतलेल्या असतात. २००० मध्ये सात प्रकारांवरची लस आल्यानंतर तिच्यात नसलेला १९ए हा प्रकार वाढला आणि त्यातले काही जिवाणू लशीतल्या प्रकारांनीच कवच बदलून तयार झालेले निघाले. त्यामुळे पुढच्या लशीत १९ए घालावा लागला.